मावशीचं 'चालू घर'

स्वतःच्या हातून घडलेल्या वस्तूचं मनसोक्त कौतुक करण्यात माझ्या धाकट्या मावशीचा हात धरणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल. इतर कलावंत विनयाने मान खाली घालतात, मावशी आपल्या कामासमोर खुर्ची ओढून बसे आणि चहाचा घोट घेत म्हणे, "काय सुचलंय बाई मला!" ती नाशकात, द्वारका चौकाजवळच्या एका फ्लॅटमध्ये राहायची. नव्वदच्या दशकात, मुलं मोठी झाल्यावर, तिने चित्रकलेचा वर्ग लावला. तिथे कुणीतरी 'पोस्टमॉडर्न' हा शब्द उच्चारला आणि मावशीला जणू माहेरचं माणूस भेटलं. "म्हणजे काहीही कशालाही जोडायचं आणि आपापसात भांडू द्यायचं. हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय," ती म्हणाली.

मग तिच्या तावडीतून काही सुटेना. निफाडला लग्नाला गेली की येताना द्राक्षबागेतली गंजकी तार आणायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, सातपूरच्या कारखान्यात होते. ते डब्यातून लेथखालचा लोखंडाचा कुरळा कीस आणून देत, पण बायकोच्या कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. माझ्या आईने तर पैठणी कुलपात ठेवली. या साऱ्यातून, जुन्या दाराच्या फळीवर, 'चालू घर' उभं राहिलं. साड्यांचे काठ, कुकरच्या रिंगा, कॅसेटची उसवलेली फीत, आणि मधोमध मावशीच्या मोडलेल्या मनगटाचा एक्स-रे. मागचा दिवा लावला की हाडं उजळत. "इथे मी जरा जास्त बोललेय," असं ती एखाद्या कोपऱ्याकडे बघून म्हणे, आणि लगेच, "पण चुकीचं काय बोललेय?"

पुढे काही वर्षांनी गावातल्या एका मंडळाने प्रदर्शन भरवलं. संयोजकांनी 'चालू घर' हस्तकलेच्या दालनात, क्रोशाच्या रुमालांशेजारी टेकवलं. हे चित्रांच्या दालनात लागेल, नाहीतर घरी जाईल, असं मावशीने शांतपणे सांगितलं. चित्र कशाला म्हणतात ते आम्हाला कळतं, असं उत्तर मिळालं. टेम्पोवाल्याला परत बोलवायची वेळ आली. मावशीचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा काका पुढे झाले. "हा हात मोडला होता," ते एक्स-रेकडे बोट दाखवत म्हणाले, "तेव्हाही आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक झाला. मी जेवत होतो. माझ्या लक्षात आलं नाही. या फळीसमोर उभं राहिल्यावर आलं. आता कुठे लावायचं ते तुम्ही ठरवा."

संयोजकांनी स्वतः फळीचं एक टोक धरलं, काकांनी दुसरं, आणि 'चालू घर' चित्रांच्या दालनात समोरच्या भिंतीवर चढलं. मग काय विचारता! तिथली गर्दी हटेना आणि मावशीचं निरूपण थांबेना. निफाडकडच्या एक आजी बराच वेळ बघून म्हणाल्या, "लय भारी हाय, पन घरात ठिवायचं कुठं?" मावशी म्हणाली, "आजी, घरच आहे ते." संध्याकाळी ती घरी निघाली ती एखादी निवडणूक जिंकून आल्यासारखी, आणि काका मागे चपला घालत उगाचच हसत होते.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशी अजून जोडाजोड करते, काही नवं झालं की मला बोलावते. मी बघतो, छान झालंय म्हणतो. परवा ती म्हणाली, "तू लगेच छान म्हणतोस रे. हे कधी म्हणायचे नाहीत. नुसते बघत उभे राहायचे, चहा गार होईपर्यंत."