जिवंत माणसाचा दगड

एडिनबरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी शनिवारचा एक क्लास लावला. दगडावर रून कोरायचा. रून म्हणजे वायकिंग लोकांची जुनी लिपी, सगळी उभ्या-तिरक्या रेघांची. आठवडाभर ऑफिसात स्प्रेडशीट बघून डोळे शिणायचे. वाटलं, हातांना काहीतरी काम मिळेल.

शिकवणारे सत्तरीचे एक पाथरवट होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "यात गूढ मंत्र असतात असं वाटतं ना तुला? बऱ्याच दगडांवर एवढंच असतं, की अमुक तमुक इथे येऊन गेला."

"आमच्याकडे किल्ल्यांवर असतं तसंच," मी म्हटलं. "फक्त शेजारी बाण घुसलेला बदाम असतो." ते खो खो हसले.

मी दाराशी ठेवायला 'सुस्वागतम' कोरलं आणि मधलं एक अक्षर खाल्लं. "राहू दे. वायकिंगही खायचे," ते म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांनी माझ्यापुढे काळ्या स्लेट दगडाची एक मोठी लादी ठेवली आणि कागदावर नऊ रून लिहून दिले. "ऑर्डर आहे. खाली वीतभर जागा कोरी ठेव." दोन शनिवार मी निमूट कोरत होते. तिसऱ्या शनिवारी बसमध्ये सहज क्लासमधला रूनचा तक्ता काढून तो कागद वाचायला घेतला. चौथ्या अक्षरालाच कळलं. ते त्यांचंच नाव होतं.

"ही ऑर्डर कुणाची?" गेल्या गेल्या मी विचारलं.

"माझी." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. "मी उन्हाळा बघेन याची डॉक्टरांना खात्री नाही. परक्या माणसाने स्पेलिंग चुकवलं तर कायमचं बसेल."

"चुका तर मीही करते."

"म्हणून तर समोर बसतो."

आईला फोनवर सांगितलं तर ती एकदम ओरडलीच. "अगं, जिवंत माणसाचं नाव थडग्यावर? आधी ती छिन्नी खाली ठेव!"

मी छिन्नी खाली ठेवली नाही, पण हात आखडता घेतला. आठ अक्षरं झाली आणि नववं मी पुढे ढकलू लागले. कधी सर्दी, कधी छिन्नीला धार नाही. ते दर आठवड्याला अधिक वाळलेले दिसायचे. जानेवारीत म्हणाले, "तू मुद्दाम रेंगाळतेयस. अक्षर अडवल्याने मी थांबणार नाही. अर्धवट नावाखाली मात्र झोपवशील."

मग मी कोरलं. ते शेजारी खुर्चीत बसून होते. शेवटची रेघ संपल्यावर त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "किंचित तिरकी आहे," म्हणाले.

मार्चमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला, ते गेल्याचा. खालच्या कोऱ्या जागेत मृत्यूची तारीखही मीच कोरावी, अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तिने. म्हटलं, नाव जिवंत माणसाचं कोरलं होतं, तारीख नाही जमणार. तारीख दुसऱ्या कुणीतरी कोरली, साध्या इंग्रजी आकड्यांत. मी त्यांच्या थडग्यापाशी एकदाच गेले. पाऊस नव्हता, वारा नव्हता, आसपास कुणीही नव्हतं. तरी पाच मिनिटंसुद्धा मला तिथे उभं राहवलं नाही.