माझं हॉकरचं चिनी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर माझ्या चोरून खाल्लेल्या जिलब्याही लपत नाहीत. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही वहिनींना ओळखत नाही, म्हणून असेल.

वहिनी म्हणजे निर्मलावहिनी, माझ्या मित्राची, श्रीकांतची बायको. वीस वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला आलो, तेव्हा पहिला महिना मी त्यांच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये काढला. पुढे आम्ही सगळेच इथले नागरिक झालो. कैलास-मानसरोवराला जायचं श्रीकांतच्या मनात फार वर्षं होतं. मी आणि तो एका ग्रुपबरोबर जाणार, सगळं ठरलं, आणि निघायच्या चार महिने आधी तो हार्ट अटॅकने गेला. अस्थी इथल्या समुद्रात सोडल्या. वहिनींनी मूठभर रक्षा तेवढी मागे ठेवली, स्टीलच्या डबीत, वर लाल कापड बांधून. ती मानसरोवरात सोडायची, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच्या जागी त्या आमच्या ग्रुपबरोबर निघाल्या.

आता माझ्याबद्दल. मला चिनी येतं, असं मी लोकांना सांगत असे. काय येतं? तांजोंग पगारला ऑफिसच्या खाली हॉकर सेंटर आहे, खाण्याच्या स्टॉल्सचं, तिथे रोज दुपारी लागतं तेवढं. तिखट कमी, नूडल्स जास्त, अंडं नको, पार्सल हवं तर ‘दापाव’. मुलगी चिडवायची, “बाबा, युअर चायनीज सो पॉवर, लाह!” उथळ पाण्याला खळखळाट फार. काठमांडूपासूनच मी ग्रुपमध्ये दुभाषा म्हणून मिरवायला लागलो. कुणी सांगितलं होतं का? मीच वहिनींना म्हणालो — डबी माझ्याकडे द्या, तपासणीला मी बोलतो.

सरहद्दीपर्यंतचा रस्ता — रस्ता आपलं म्हणायचं. दरडी कोसळलेल्या. दोनदा जीप सोडून चिखलातून चालावं लागलं. एका अंगाला वरून सुटणारे दगड, दुसऱ्या अंगाला खोल खाली नदी. वहिनींचे गुडघे अधू. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने माझी बाही धरून त्या चालत होत्या, आणि दर थोड्या वेळाने विचारत होत्या — डबी आहे ना? आहे, वहिनी. मग नेपाळकडचे शिक्के, मग पूल, आणि पुलापलीकडे चीनची भलीमोठी काचेची चौकी. आम्हा अकरा जणांचा व्हिसा एकाच कागदावर होता. कागदावर नावं ज्या क्रमाने, त्याच क्रमाने रांग. माझं नाव तिसरं, वहिनींचं शेवटचं.

मशीनमध्ये डबी दिसली. अधिकाऱ्याने मला बाजूच्या टेबलाशी नेलं, कापड सोडलं, झाकण काढलं आणि विचारलं, हे काय? एवढं मला कळलं. पण रक्षेला काय म्हणतात? तो शब्द हॉकर सेंटरमध्ये कधी लागला नव्हता. इंग्रजीत सांगता आलं असतं. आमचा गाईड दारातच उभा होता, त्याला हाक मारता आली असती. पण रांगेतली आमची माणसं काचेतून बघत होती. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, माझ्या पाठीआड टेबलही दिसत नव्हतं, मी चिनीत बोलतोय एवढंच कळत होतं. मेलेल्या माणसाची राख म्हटलं आणि सगळ्यांचाच कागद अडवला तर? — ही भीती मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली. खरी भीती फजितीची होती. मग मला जे येत होतं तेच मी म्हणालो. खायचं आहे.

श्रीकांतबद्दल — खायचं आहे.

त्याने वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग डबी माझ्यापुढे धरून खूण केली, खाऊन दाखवा. माझं बोट पुढे गेलंसुद्धा. नाही झालं माझ्याने. मी मान हलवली, आणि त्याने डबी टेबलाखालच्या निळ्या ड्रममध्ये उपडी केली. ड्रममध्ये आधीच्या प्रवाशांकडून काढून घेतलेलं खाणं होतं — सफरचंदं होती, अर्धे खाल्लेले पराठे होते, कुणाचं तरी लोणचं होतं. रिकामी डबी त्याने मला परत दिली. दोन्ही हातांनी दिली, अगदी सभ्यपणे.

तेव्हाही बोलता आलं असतं, नाही का? राख वरच होती, दिसत होती. मी बॅग उचलली आणि पुढे सरकलो.

अर्ध्या तासाने वहिनी बाहेर आल्या. त्यांनी रिकामी डबी पाहिली. आणि मी — किती सहज आलं तोंडात! — सांगितलं, की पुढे न्यायला परवानगी नाही, पण साहेब भला माणूस, त्याने मला मागच्या दाराने पुलावर नेलं, मी नदीत सोडली आणि त्याने टोपी काढली. ती टोपी कशाला घातली मी त्यात? वहिनींनी नदीकडे तोंड करून हात जोडले. रडल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या आहेत त्या. मला लाज वाटली, पण खरं बोलण्याइतकी नाही.

मानसरोवराच्या काठी त्या रिकाम्या हातांनी बसून राहिल्या. तक्रार केली नाही. माझ्याकडे बघून हसल्या.

तीन वर्षं झाली. गणपतीत, वाढदिवसांना, कुणी नवीन भेटलं की वहिनी ती पुलावरची गोष्ट सांगतात. टोपीपाशी त्यांचा आवाज भरून येतो. सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो. श्रीकांतच्या श्राद्धाला त्या मला पहिल्या पंगतीत बसवतात, स्वतः वाढतात, आग्रह करतात. मी जेवतो.

यंदाच्या श्राद्धाला हात धुऊन निघालो होतो, तर वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “भावजी, माझं काही झालं, की माझी रक्षाही त्याच पुलावरून सोडा. मुलांना नाही जमायचं ते. मला ह्यांच्याजवळ जायचंय.”

त्या नदीत श्रीकांत नाही. हे जगात मला एकट्यालाच माहीत आहे.

मी हो म्हणालो.