चपलेबाहेरचा पाय

आमच्या पुरवणीत दर रविवारी नव्या अल्बमांचा चार-चार ओळींत निकाल लागतो. रॉक, पॉप, इलेक्ट्रॉनिक, सगळे एकाच रांगेत, आणि प्रत्येकाला पाचपैकी तारे. हे निकाल लिहिणारे जयंतराव माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. पानाची मांडणी आधी होते, म्हणून ते तारे आधी देतात आणि शब्द नंतर लिहितात. हा गृहस्थ गाणी ऐकतच नसावा, असा मला फार दिवस संशय होता.

गेल्या गुरुवारी माझं पेन टेबलाखाली घरंगळलं. उचलायला वाकलो, तर जयंतरावांचा उजवा पाय चपलेबाहेर आला होता आणि अंगठा फरशीवर मन लावून ठेका धरत होता. वर पाहिलं. कानांवर हेडफोन, स्क्रीनवर दोन तारे आणि खाली वाक्य: ‘उसनं बंड, जीव कुठेच नाही.’

"पायाला आवडलेलं दिसतंय," मी म्हणालो.

त्यांनी हेडफोन सरकवून खाली पाहिलं आणि पाय चपलेत घातला. "कॉलम माझ्या नावावर आहे, पायाच्या नाही."

तेव्हापासून मला माझाच भरवसा वाटत नाही. नवे शेजारी ‘काही खास नाहीत’ असं मी घरी सांगून टाकलंय, पण जिन्यात त्यांचा आवाज आला की मी दार उघडतो.

रविवारी अंक आला. तारे दोनच होते. चहा घेऊन बसलो, आणि तो अल्बम लावण्याआधी दोन्ही पाय सपातांत नीट घालून घेतले.