निवळ पाणी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, चुलत्यांच्या माळावरची चिकूची एकोणपन्नास कलमं वाळली. लावली होती साठ. प्रत्येक कलमापाशी ठिबकची तोटी होती आणि पाणी रोज सोडलं जात होतं.

चुलते गुळव्या होते. लोकांच्या गुऱ्हाळांवर रसाच्या उकळत्या काहिलीपुढं उभं राहून त्यांची तीस वर्षं गेली. धुरानं डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ते काम सोडलं. ही त्यांची स्वतःची पहिली बाग. दुसरी लावायचं वय राहिलं नव्हतं.

ठिबक बसवणारा फिटर जाताना म्हणाला होता, "मामा, पाणी निवळ लागतंय. गढूळ गेलं की तोट्या बुजत्यात."

"निवळायचं मला शिकवतोस व्हय? आरं, जलम त्यातच गेलाय की."

गुऱ्हाळात रस निवळतात तो चुना घालून. मार्चमध्ये विहीर खोल गेली, पाणी गढूळ येऊ लागलं. चुलत्यांनी माळावरच्या टाकीत चुना कालवायला सुरुवात केली. सकाळपर्यंत गाळ तळाला बसे.

चुलती म्हणाली, "रसाला चुना, आता पाण्यालाबी चुना. चिकूचा गूळच काढा की!"

"तू घागर ठेव खाली. ठिबक हाय नव्हं?"

मी तेव्हा शहरात बातमीदार होतो. एका रविवारी माळावर गेलो असता टाकीत डोकावलो. तळाचा दगड दिसत होता. पाणी छान आहे, एवढंच म्हणालो.

पंधरा दिवसांत पानं माना टाकू लागली. चुलते नळीच्या टोकाचं बूच रोज काढून बघत. पाण्याची धार उडे, म्हणून नळी चालू आहे असं ते धरून चालले. तोटीखालची माती त्यांना दिसत नव्हती.

"कोरडी ठणठणीत हाय," चुलती म्हणाली.

"उन्हानं सुकतीया."

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी तिनं एक तोटी उपसली आणि विळ्यानं मधोमध कापली. आतली वाट पांढऱ्या, कडक थरानं भरली होती. चुलत्यांनी तो नखानं खरवडला, जिभेला लावला.

"चुना," ते म्हणाले.

मंगळवारी फिटर आला. विहिरीच्या पाण्यात मुळातच क्षार होते. गाळ टाकीत राहिला, पण पाण्यात विरघळलेला चुना ठिबकच्या गाळणीच्या जाळीतून पार गेला आणि पाणी बंद झालं की तोटीत सुकून थरावर थर चढवत राहिला, असं त्यानं सांगितलं. पातळ ॲसिड सोडून त्यानं नळ्या धुतल्या. काही तोट्या सुटल्या.

"निवळ म्हंजे नुसतं गाळून वो, मामा."



जूनमध्ये अकरा कलमांना पालवी फुटली. अकराही माळावरच्या राहत्या छपराजवळच्या ओळीतली होती. त्या ओळीला चुलती घागरीनं पाणी घालत होती.