पेटीतली मोकळी जागा

परबकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी परळला एका बोअरपाशी उभी होते. मशीनच्या आवाजात फोनवर काकींचं बोलणं कळेना, म्हणून हात करून मशीन थांबवायला लावलं. "गेले गो ते... चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." एवढंच त्या बोलल्या. मग दुसरं काही सुचेना म्हणून मशीन परत चालू करायला सांगितलं. अर्धवट सोडलेल्या बोअरचा काकांना भयंकर राग यायचा. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील.

दत्ताराम परब मूळचे मालवणकडचे, राहणार काळाचौकीच्या चाळीत. गिरणी बंद पडली तेव्हा पोटासाठी बोअरिंगच्या मशीनवर लागले आणि तिथेच केस पिकवले. इमारत बांधण्याआधी जमिनीत खोल भोक पाडून खालचा दगड गोल कांड्यांच्या रूपात वर काढतात, त्या कांड्या ओळीने लाकडी पेटीत मांडतात आणि त्या बघून भूशास्त्राचा माणूस रिपोर्ट लिहितो. रिपोर्ट लिहिणारी मी, एम.एस्सी. झालेली, नाक वर. पेटी मांडणारे ते, नववी पास.

लालबागच्या माझ्या पहिल्याच साइटवर एका पेटीत दोन काळ्या कांड्यांच्या मध्ये वीतभर जागा मोकळी होती. बरी दिसेना, म्हणून मी कांड्या सरकवून एकमेकींना चिकटवल्या. काकांनी पेटी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, मधला मऊ थर मशीनच्या पाण्याने वाहून नेला. तुम्ही तो कागदावरूनही वाहवलात." कांड्या पुन्हा दूर सारून त्यांनी मधे लाकडाचा ठोकळा ठेवला. मग एक बाटली पुढे केली. भोकातून वर येणाऱ्या पाण्याचा राखाडी रंग मातकट झाला, त्याच क्षणी त्यांनी ते भरून ठेवलं होतं, आणि तळाला बोटभर गाळ बसला होता. मला आधी रागच आला. मग तो गाळ चिमटीत घेतला आणि कान गरम झाले. मुंबईचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत केवढा तरी काळ गेला, आणि त्या काळात इथे उथळ पाणथळ होतं, त्यात बेडूक होते, कासवं होती, तळाशी गाळाचे थर बसत होते. हे सगळं पाठ करून मी मार्क मिळवले होते, आणि लालबागला तेच हाताने पुसून टाकायला निघाले होते. त्या दिवशी मी चूक कबूल केली आणि त्यांनी मला 'मॅडम' म्हणायचं सोडलं. मी 'बाय' झाले.

पुढे वर्षानुवर्षं आमची जोडी टिकली. एकाच प्लॉटवर पूर्वेला लागलेला गाळाचा थर पश्चिमेला जास्त खोल सापडला की ते माझी परीक्षा घेत. "पाणी कधी तिरकं साचतं काय गो?" साचत नाही. म्हणजे गाळ सपाटच बसला होता, कलली ती नंतर जमीन. मी त्यांना सांगितलं, की फार पूर्वी पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला आणि आपला किनारा समुद्राच्या बाजूला वाकला. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "म्हणजे गिरण्या बंद पडायच्या आधीपासूनच आमचं गिरणगाव कलतंय म्हण की."

मग त्यांच्याच चाळीचा पुनर्विकास निघाला. सगळे भाड्याच्या घरांत पांगले, काका-काकी शीवला एका खोलीत गेले. जमिनीची तपासणी माझ्याकडे आली. पूर्वेच्या बोअरच्या पेटीत तीच मोकळी जागा, तेच मातकट पाणी. पश्चिमेचा बोअर मात्र टणक दगड लागला म्हणून ठरलेल्या खोलीवर थांबवलेला, आणि उताराचा हिशोब केला तर गाळ त्या दगडाच्या जेमतेम खाली असायला हवा होता. आणखी खोल जायला हवं, नाहीतर वरची इमारत खचू शकते, असं मी म्हटलं. गाळ सापडला तर पायाचा आराखडा बदलणार, काम महिनोन् महिने लांबणार. चाळीचे सेक्रेटरी, काकांचे लहानपणचे दोस्त, हात जोडून म्हणाले, "दत्ता, तू सांगितलंस तर ही ऐकेल. म्हातारी माणसं भाड्याच्या घरात मरायला लागली रे." काका तेव्हा खोकल्याने बेजार होते, साइटवर खुर्ची टाकून बसले होते. "मी पण म्हाताराच आहे," ते म्हणाले, "पण वर तुझे नातू झोपणार." आणि माझ्याकडे वळून, "लिही बाय. जे वर आलं नाही, ते आधी लिही."

मी लिहिलं. खोल गेलो, गाळ सापडला, काम थांबलं. आणि काका शीवच्या त्या भाड्याच्या खोलीतच गेले. मी गुमान सही केली असती तर निदान नव्या घराच्या भिंती तरी त्यांना दिसल्या असत्या, हा विचार मला सोडत नाही. मी तो सोडवायचा प्रयत्नही करत नाही.

गेल्या आठवड्यात रहिवाशांची सभा झाली, मलाही बोलावलं होतं. बिल्डरच्या माणसाने तोडगा आणला होता: पश्चिमेची बाजू आधीच्या, कमी खोल बोअरवरच मंजूर करा, उद्यापासून काम सुरू. खाली सगळ्यांच्या सह्यांसाठी जागा ठेवलेली. कागद सगळ्यात आधी काकींच्या हातात दिला गेला. नवरा गमावलेली बाई आता घराला नाही कशाला म्हणेल, असा हिशोब असावा. त्यांना मी कोणत्या तोंडाने थांबा म्हणणार होते? काकींनी चष्मा लावून कागद सावकाश, पूर्ण वाचला. मग घडी घालून सेक्रेटरींना परत दिला.

"ते गेले म्हणून खालचो गाळ दगड झालो काय?" त्या म्हणाल्या. "मी थांबतंय."

सेक्रेटरींनी तो कागद पुढे कोणालाच दिला नाही.