दादांची हजेरी

हे लिहू की नको, यातच बरेच महिने गेले. भूत, आत्मा, संकेत असल्या गोष्टींवर मी कायम फिदीफिदी हसलेली बाई आहे. घरच्या सत्यनारायणालाही माझा संबंध प्रसादापुरता. त्यामुळं "बरी खोड मोडली" असं कुणी म्हणालं तर म्हणा... पण खरं सांगू? मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते.

छत्रपती संभाजीनगरात, गारखेडा भागात आमचं रो-हाऊस आहे. शेतीसल्ला देणाऱ्या एका कंपनीसाठी मी हवामानाच्या आकड्यांचं काम घरूनच करते. प्रयोगासाठी गच्चीवर आमचं स्वतःचं छोटं हवामान केंद्र बसवलंय. त्याचे आकडे खालच्या खोलीतल्या विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर येतात आणि तिथलं सॉफ्टवेअर आलेख काढतं. पाऊस मोजायच्या डब्यात एक इवलीशी झुलती वाटी असते. ती भरून कलंडली की एक नोंद पडते, बस्स.

तर ऐन मे महिन्यात, आभाळात ढगाचं नाव नसताना, रोज सकाळी चिमूटभर पाऊस दिसायला लागला. मी सॉफ्टवेअर उपसलं. टाइमझोन तपासला, फायली तपासल्या, अख्खं पुन्हा इन्स्टॉल केलं. नवरा म्हणाला, "विंडोज टाक आणि मोकळी हो." त्याच्यावर खेकसले. शेवटी वैतागून सकाळी गच्चीवर गेले तर काय — माझे सासरे, दादा, उगवत्या सूर्याला तांब्यातून अर्घ्य देत होते, आणि शिंतोडे थेट माझ्या डब्यात!

"अहो दादा! माझा सगळा डेटा नासला की!"

"म्हंजे सूर्याला दिलेलं पाणी तुझ्या कॉम्प्युटरला पोचतं व्हय?" दादा पोट धरून हसले. "मग लई बेस. त्यानं नाय घेतली तर तू तरी हजेरी घेशील माझी."

त्यानंतर पलीकडं सरकायचं सोडून ते मुद्दाम डब्याशेजारीच उभे राहायचे. चहाला खाली आले की, "अश्विनी, लागली का हजेरी?" मी तोंड वाकडं करून म्हणायचे, "लागली, लागली." सासूबाई पदरात हसायच्या.

पुढच्या उन्हाळ्याआधीच दादा गेले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, अन्नच टाकलं. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. एका सकाळी मी चहाचा कप पुढं ठेवला आणि रोज ऐकायच्या सवयीनं दादांचंच वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, "लागली का गं हजेरी?" स्वतःच दचकल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "लागली." त्यांनी माझ्याकडं बघितलं. कप उचलला. अख्खा चहा प्यायल्या, वर पोहेही खाल्ले.

आता खोटं बोलले तर ते निभवायला हवं. आई कधी "दाखव" म्हणाल्या तर? म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरसाठी हुकुमांची चिठ्ठी, लिहिली. तिनं रोज सकाळी सव्वासहाला आपोआप चालायचं आणि चिमूटभर पाऊस नोंदीत घालायचा. लोकांचे चुकीचे आकडे पकडायचा मी पगार घेते, आणि मीच स्वतःच्या घरात खोटा आकडा पेरला! त्यानंतर सकाळची नोंद मी कधी उघडलीच नाही, बघवतच नव्हतं. आई विचारायच्या, मी ओट्याकडं तोंड करून म्हणायचे, "लागली." आई जेवायला लागल्या. एकदा शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "आमचे हे नेमाचे पक्के, अजून येतात." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. एका अपडेटनंतर सॉफ्टवेअर जे बसलं ते उठेचना, आलेख कोरा. दुपारी कारण शोधायला लॉग उघडला. कॉम्प्युटर काय करतो, कुठं अडतो, ते तिथं आपोआप लिहिलं जातं. सॉफ्टवेअरचं दुखणं किरकोळ निघालं, त्याला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे मदतीची फाईल, गायब होती. पण त्याच लॉगमध्ये रोजची एक ओळ होती — माझ्या स्क्रिप्टचं नाव, आणि पुढं "परमिशन डिनाइड".

स्क्रिप्टच्या फाईलला चालायची परवानगीच मी दिली नव्हती! लिनक्स शिकणारं पोरगंही पहिल्या आठवड्यात शिकतं ती गोष्ट. स्क्रिप्ट वर्षभरात एकदाही चालली नव्हती.

पावसाच्या नोंदी उघडल्या. रोज सकाळी, चिमूटभर पाऊस. माझी वेळ सव्वासहाची ठरलेली होती. या नोंदी मात्र सूर्याबरोबर सरकत होत्या — हिवाळ्यात उशिरा, उन्हाळ्यात लवकर.

मग सगळं तपासलं. गच्चीची किल्ली माझ्याकडं. गुडघ्यांमुळं आईंना जिना चढवत नाही. नवरा उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नाही. दव म्हणावं तर आमच्याकडं भर उन्हाळ्यात कसलं आलंय दव? वाटी धुतली, डबाच नवा बसवला. तरी नोंद पडतेच.

सूर्य उगवायच्या वेळी वर जाऊन का नाही बघितलं, असं विचाराल. गेले होते... दारापर्यंत. कुलूप काढवलं नाही. कुठल्या तोंडानं उभी राहू त्यांच्यापुढं? मी आईंना खोटं सांगतेय असं समजत राहिले, आणि तो माणूस वर्षभर वेळेवर येत राहिला. हजेरी घेणारीनं एकदाही मान वर करून बघितलं नाही.

स्क्रिप्ट पुसून टाकली. आईंना काही बोलले नाही. काय बोलणार, की मी खोटं बोलत होते, पण ते खरं होतं? तुमच्याकडं याचं उत्तर असलं तर... राहू द्या, नका सांगू.

आता आईंनी विचारलं की मी हातातलं काम टाकून खोलीत जाते, नोंद बघते, आणि मग येऊन सांगते. परवा आई म्हणाल्या, "आताशा लई वेळ लावतीस गं उत्तर द्यायला?"

"बघून सांगते, आई."