साहेबाचं सोंग

हसाल तर हसा, पन गावात सांगू नका. तसं गावाले माहीतच हाये म्हना.

त्या साली गुलाबी बोंडअळीनं आमची कपाशीची पऱ्हाटी पार पोखरली. पंचनाम्याले कृषीचे साहेब येनार होते, अन नेमका त्याच दिवशी लोककलेचा फिरता महोत्सव आर्णीवरून आमच्या गावात आला. स्टेजचा कारभार माह्याकडं. बायकोनं सकायीच बजावलं, "साहेब आले का पयले आपल्या वावरात न्या. पंचनामा हुकला तं मंग तुमीच नाचा स्टेजवर."

महोत्सवात दंडार होती, म्हनजे आमच्याकडची सोंगं-गान्याची गंमत. दंडारवाला बुवा मले म्हने, "साहेबाचं सोंग करनारा तेवढा यष्टीनं येऊन राह्यला. सफारी, चष्मा, हातात ब्याग. आला का वर ढकल."

दुपारच्या यष्टीतून तसाच मानूस उतरला. खरे साहेब तं जीपनं येतीन, हे माह्यं डोकं. जीप बंद पडली हे मले कोन सांगते? म्या त्याचा हातच धरला.

"बोंडअळी कुठं आहे?" त्यानं इचारलं.

"वा भाऊ, पाठ करूनच आले तुमी."

"अहो, मी कृषी अधिकारी आहे."

"असंच बोला, लय रंगते." म्या त्याच्या गालाले लाली फासली, कोयशानं मिशी काढली.

"हे काय करताय तुम्ही?"

"आता लाजता काहून?" म्हनलं, अन देल्ला वर ढकलून.

तो माईकवर वरडला, "मी खरा साहेब आहे! एकाचाही पंचनामा करणार नाही!" लोकं हासून हासून लोटपोट. म्हाताऱ्यायनं शिट्ट्या मारल्या, सरपंचानं नारळ देल्ला. असा कलाकार जिल्ह्यात नाई, असं मी चारचौघात सांगून राह्यलो.

तेवढ्यात दुसरी यष्टी आली. तिच्यातून सफारी, चष्मा, ब्याग उतरली अन मले म्हने, "भाऊ, उशीर झाला. माह्यं सोंग झालं का?"

बाप्पा! म्या धावत स्टेजवर गेलो अन साहेबाले हात धरून खाली आनलं.

बायकोनं खोबरेल तेलानं साहेबाची मिशी पुसली. साहेबानं साऱ्या गावाचं वावर पाह्यलं, अन आमचं सगळ्यात शेवटी. म्या हात जोडले, "साहेब, खरंच लय नुकसान झालं हो. एक बोंड धड नाई."

साहेबानं कागद काढला, लेहाले लागला, अन वर न पाहता म्हने, "असंच बोला, लय रंगते."